शेवटचा नंबर आला तरी पळायचं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की अ‍ॅथलेटिक्समुळे माणसाची चिकाटी खरंच वाढते का आणि ती मैदानाबाहेरच्या अडचणीत कामाला येते का, यावर तुमचे प्रश्न पाठवा. पत्रं भरपूर आली, काही तर पानंच्या पानं होती, त्यामुळे इथे थोडक्यात घेतलीयेत. नावं कोणाचीच दिलेली नाहीत. सगळ्यात जास्त पत्रं आयांची होती म्हणून सुरुवात तिथून करते.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. दीड वर्षापासून 800 मीटर पळते आणि प्रत्येक रेसमध्ये शेवटची नाहीतर शेवटून दुसरी येते. ती स्वतः खूश असते, सोडायला अजिबात तयार नाही. घरात सगळे म्हणतात वेळ वाया चाललाय, जिथे नंबर येईल अशा कशात तरी घाल. खरं सांगायचं तर तिला शेवटी येताना मलाच बघवत नाही. काय करू?

उत्तर: तिला काढू नका, हे आधी सांगते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते "सोडायला अजिबात तयार नाही" हे वाक्य. दीड वर्ष मागे राहूनही जी मुलगी दुसऱ्या दिवशी परत स्पाइक्सचे (खिळ्यांचे) बूट पिशवीत भरून निघते तिच्यात चिकाटी आहेच की, आता ती घरच्यांच्या बोलण्याने मोडू नये एवढंच बघायचंय.

800 मीटर म्हणजे काय असतं ते घरच्यांना एकदा नीट सांगा, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते नुसते दोन लॅप वाटतात. पहिला लॅप जोशात जातो, सगळ्या घोळक्याने पळत असतात, मग शेवटच्या लॅपची घंटा वाजते आणि पाचशेच्या आसपास मांड्या जड व्हायला लागतात, खांदे आपोआप वर चढतात, हात आखडतात, कितीही श्वास घेतला तरी पुरत नाही. तिथून सातशेपर्यंतचा जो तुकडा आहे ना, तिथे शरीर अगदी स्पष्ट सांगतं की बास, थांब आता. हे पहिल्या येणाऱ्या मुलीलाही सांगतं आणि शेवटच्या मुलीलाही सांगतं, फक्त शेवटच्या मुलीच्या जवळपास कोणीच नसतं, पुढे पकडायला कोणाची पाठ नाही आणि मागून कोणाच्या पावलांचा आवाज नाही, तरी ती तो तुकडा एकटीने पार करते. तुमची मुलगी दीड वर्ष हे करतेय आणि वर खूश असते म्हणता. मला तर तिचं फार कौतुक वाटलं.

दुसरं म्हणजे वय. बारा ते चौदा या वयात एकाच वर्गातल्या मुलींच्या शरीराच्या वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असू शकतो, कोणाची उंची आधी वाढते कोणाची नंतर. त्यामुळे या वयातल्या नंबरावरून पुढचं काही ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. नंबर दुसऱ्यांच्या हातात असतो, टायमिंग तिच्या. एक साधी वही करा, त्यात तारीख, टायमिंग आणि दुसऱ्या लॅपला काय झालं हे तिने स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायचं. बास. सहा महिन्यांनी ती वही घरच्यांपुढे ठेवा. आणि टायमिंगही दर वेळी सुधारेल असं नाही बरं का, वारा असतो, आदल्या दिवशीची झोप झालेली नसते, मध्येच उंची वाढली की काही महिने पायांचा ताळमेळच बिघडतो, मग टायमिंग मागे जातं आणि तेही नॉर्मल आहे.

आणि मुलांचं हरणं बघवत नाही म्हणणाऱ्या सगळ्याच पालकांनी एकदा हाय जंप नीट बघावी असं मला फार वाटतं. त्यात जिंकणारासुद्धा बहुतेक वेळा शेवटी बार पाडूनच बाहेर येतो, कारण बार वर वर जात राहतो आणि तो लागोपाठ तीन वेळा पाडला की तुमची स्पर्धा संपली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 मध्ये, कतारचा मुताझ बरशिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी या दोघांनी 2.37 मीटरपर्यंत एकही चूक केली नाही आणि मग 2.39 ला दोघेही तीन-तीन वेळा चुकले, आणि त्यानंतर दोघांनी गोल्ड वाटून घेतलं. ऑलिंपिक चॅम्पियनचीसुद्धा त्या दिवशीची शेवटची उडी चुकलेलीच होती. अ‍ॅथलेटिक्समध्ये वाढलेल्या मुलांना पडण्याची भीती कमी असते ती यामुळेच, त्यांनी ते इतक्या वेळा केलेलं असतं की त्यात विशेष काही राहत नाही.

फक्त एक सांगते, मैदानावरची चिकाटी आपोआप अभ्यासात उतरत नाही. पळताना जीव तोडणारी मुलं गणिताचं पुस्तक दोन मिनिटांत बंद करतात हे मी कायम बघते. तो धागा कोणीतरी जोडून द्यावा लागतो. ती गणितात अडकली की तिला लेक्चर न देता एवढंच विचारा, "पाचशेला पाय जड होतात तेव्हा तू काय करतेस?" ती सांगेल की मी पुढच्या वळणापर्यंतच बघते. मग म्हणा, आत्ता पण पुढच्या एका स्टेपपर्यंतच बघ. आणि रेस संपल्यावर "पुढच्या वेळी नक्की नंबर येईल" हे वाक्य कृपा करून म्हणू नका, त्यातून तिला एवढंच कळतं की आजचं आईला कमी वाटलं. पुढे कधी तिलाच सोडावंसं वाटलं तर सोडू द्या, पण वाईट रेसच्या दुसऱ्या दिवशी नको, सीझन संपल्यावर शांतपणे ठरवू दे.

प्रश्न: राग मानू नका पण मला हे सगळं जरा खोटं वाटतं. आजारातून उठला आणि मेडल आणलं, गरिबीतून आला आणि चॅम्पियन झाला, अशा गोष्टी सांगून लोकांना वाटायला लावतात की जिद्द असली की सगळं जमतं. ज्यांना नाही जमलं त्यांच्यात काय जिद्द कमी होती का? त्यांच्याबद्दल कोणी का लिहीत नाही?

उत्तर: राग कशाला, उलट हे पत्र वाचून बरं वाटलं आणि यावर मी जास्त जागा घेणार आहे.

रॉन क्लार्कबद्दल लिहिते. ऑस्ट्रेलियाचा धावपटू, 1960 च्या दशकात 5000 आणि 10000 मीटरचे वर्ल्ड रेकॉर्ड त्याने एकामागोमाग एक मोडले. 1964 ला टोकियोत 10000 ला ब्राँझ मिळालं. 1968 चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीला होतं, समुद्रसपाटीपासून 2200 मीटरपेक्षा जास्त उंचीवर, तिथल्या विरळ हवेत तो 10000 ला सहावा आला आणि फिनिश लाइनवर कोसळला, त्याला ऑक्सिजन द्यावा लागला. ऑलिंपिक गोल्ड त्याला आयुष्यात कधीच मिळालं नाही. याच्यात जिद्द कमी होती असं कोण म्हणेल? तर या क्लार्कला एमिल झाटोपेकने स्वतःचं एक ऑलिंपिक गोल्ड मेडल देऊन टाकलं. झाटोपेक म्हणजे 1952 ला हेलसिंकीत 5000, 10000 आणि मॅरेथॉन अशी तिन्ही गोल्ड जिंकणारा, त्यात ती मॅरेथॉन त्याची आयुष्यातली पहिली. क्लार्क त्याला भेटून निघताना त्याने एक पुडकं हातात दिलं आणि क्लार्कने ते नंतर उघडून बघितलं तर आत मेडल. ज्याला स्वतःला माहीत होतं की जिंकायला काय लागतं, त्यालाच कळलं की क्लार्ककडे ते सगळं होतं.

आता विल्मा रुडॉल्फची गोष्ट घ्या, ही तुम्ही म्हणता तशीच कायम सांगितली जाते. 1940 चा जन्म, वेळेच्या आधी झालेली, वजन जेमतेम दोन किलो, लहानपणी पोलिओ, डाव्या पायाला ब्रेस, आणि 1960 ला रोममध्ये 100, 200 आणि 4 बाय 100 रिलेची तीन गोल्ड. जिद्दीची कहाणी, संपली. पण मधलं कोणी सांगत नाही. अमेरिकेत तेव्हा वर्णभेद होता, कृष्णवर्णीयांवर उपचार करणारं हॉस्पिटल घरापासून साधारण 80 किलोमीटरवर नॅशव्हिलला होतं, आई तिला दर आठवड्याला बसने तिथे न्यायची. तिथे शिकवलेलं मालिश घरी दिवसातून चार वेळा करायचं होतं, ते आई आणि मोठी भावंडं आळीपाळीने करायचे. 22 भावंडांतली ती विसावी, म्हणजे त्या घरात कामाला कमी नव्हती. पुढे हायस्कूलमध्ये एड टेम्पल या कोचची नजर तिच्यावर पडली आणि ट्रेनिंग मिळालं. विल्माची जिद्द होतीच हो, पण त्या पायावर कितीतरी हात वर्षानुवर्षं फिरले तेव्हा तो पाय पळाला. ही गोष्ट अशी सांगितली की ऐकणाऱ्याला "माझ्यातच कमी आहे" असं वाटत नाही, "मला कोणाची तरी मदत लागेल आणि ती मागायला हरकत नाही" असं वाटतं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

असंच 2016 ला रिओमध्ये झालं. पहिल्यांदाच निर्वासितांची टीम ऑलिंपिकमध्ये उतरली, दहा खेळाडू, त्यातले पाच दक्षिण सुदानचे धावपटू, केनियातल्या काकुमा छावणीत राहिलेले. युद्धामुळे घर सुटलेली ही मुलं आधीही पळू शकतच होती, पण तेगला लोरूपेने तिथे जाऊन ट्रायल्स घेतल्या, कॅम्प लावला, तेव्हा त्यांना ट्रॅक मिळाला. तेगला स्वतः 1994 ला न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी पहिली आफ्रिकन महिला. त्या दहा जणांपैकी कोणालाही मेडल मिळालं नाही. मग काय उपयोग झाला असं म्हणायचं का? मला नाही वाटत. ज्या माणसाच्या आयुष्यात उद्या काय होणार यातलं काहीच त्याच्या हातात नाही, त्याला रोज सकाळी एक काम मिळालं जे त्याच्या हातात आहे, कोणीतरी घड्याळ घेऊन त्याची वाट बघतंय, हे फार असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अ‍ॅथलेटिक्स संकट घालवत नाही. गरिबी, आजार, युद्ध यावर पळणं हा उपाय नाहीये आणि कोणी तसं म्हणत असेल तर तुम्ही बरोबर आहात. ते काय करतं तर त्रास मापून देतं. आज 400 मीटर सहा वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चौथा 400 सगळ्यात वाईट असतो, कारण दम गेलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. तो तुम्ही पळता, मग पाचवा, मग सहावा, मग घरी जाता. हा त्रास तुम्ही स्वतः निवडलेला असतो, त्याला शेवट असतो आणि तो सोसल्यावर काय झालं ते घड्याळात दिसतं. आयुष्यातल्या संकटाचं असं काहीच नसतं. पण अशा मापलेल्या त्रासात माणूस एक गोष्ट शिकतो, की आत्ता वाटतंय की मी संपलो आणि तरी मी संपलेलो नसतो. ही ओळख एकदा झाली की दुसरीकडेही आठवते.

प्रश्न: ताई, मी वीस वर्षांची आहे, 5000 मीटर पळते. पोटरीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर) झालंय, डॉक्टरांनी पळणं पूर्ण बंद केलंय. सगळ्या मैत्रिणी ट्रॅकवर आणि मी घरी. असं वाटतंय की पळत नसेन तर मी कोणीच नाही. चिकाटी म्हणजे थांबायचं नाही असंच आजपर्यंत ऐकलं, आता थांबलेच आहे तर काय करू?

उत्तर: अगं, आत्ता थांबणं हेच तुझं ट्रेनिंग आहे, आणि हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. हाडात सतत दोन कामं चालू असतात, जुनं झिजलेलं काढायचं आणि नवीन भरायचं. ताण वाढत गेला आणि झोप, खाणं, विश्रांती त्या मानाने कमी पडली की भरण्याचं काम मागे पडतं, तेच झालंय. ते भरायला लागणारा वेळ तुझ्या इच्छाशक्तीने कमी होत नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव, परत सुरू करशील तेव्हा सगळ्यात धोक्याचा काळ असतो. हृदय आणि फुप्फुसं लवकर फॉर्मात येतात, हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मात्र खूप सावकाश येतात, त्यामुळे दम आहे म्हणून मुली जोरात पळतात आणि तीच इंज्युरी परत होते. तुला वाटेल त्याच्या निम्म्याने सुरू कर. तोपर्यंत डॉक्टर हो म्हणत असतील तर पाण्यात पळणं, सायकल, वरच्या शरीराचा व्यायाम यातलं काही करता येईल, आणि ट्रॅकवर जाऊन मैत्रिणींचे टायमिंग घे, खरंच घे, घरी बसू नकोस.

आणखी एक विचारते, पाळी नियमित येते का? कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींची पाळी बंद होते आणि हाडं कमकुवत होतात, हे इतक्या खेळाडूंमध्ये दिसलं की 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने यावर वेगळं निवेदनच काढलं. पाळी बंद होणं म्हणजे ट्रेनिंग जोरात चाललंय असं समजणारे लोक अजून आहेत, त्यांचं ऐकू नकोस. हे लपवू नको, डॉक्टरांना स्वतःहून सांग.

वर ताम्बेरीचं लिहिलंय ना, तो 2016 ला रिओच्या महिनाभर आधी 2.39 मारून झाल्यावर 2.41 च्या प्रयत्नात घोट्याचं लिगामेंट तोडून बसला होता, ऑलिंपिक हुकलं. त्याने पायाच्या प्लास्टरवर "रोड टू टोकियो 2020" लिहून ठेवलं आणि पाच वर्षांनी तेच प्लास्टर घेऊन टोकियोच्या मैदानात आला. पण मधल्या काळात आता परत पूर्वीसारखं जमणारच नाही असं वाटण्याचे दिवस त्यालाही आले. म्हणजे तुला आज जे वाटतंय त्यावरून तू कमजोर आहेस असा अर्थ काढू नकोस. तू पळणारी आहेस, सध्या हाड भरतंय. आणि हे वाटणं आठवडेच्या आठवडे राहिलं, झोप-भूक उडाली, तर कौन्सेलरशी बोल, त्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न: दुखलं तरी थांबायचं नाही, हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. मांड्या जळतायत, छाती भरून आलीये, पाय शिशासारखे झालेत, हे दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि थांबलं की थोड्या वेळात जातं, त्यातून पळता येतं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणारं दुखणं, पळण्याची पद्धत बदलायला लावणारं, किंवा छातीत दुखून चक्कर आल्यासारखं होणं, तिथे लगेच थांबायचं. पॉला रॅडक्लिफ 2004 ला अथेन्सच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये 36 किलोमीटरच्या आसपास थांबली, रस्त्याच्या कडेला बसून रडली, तेव्हा तिच्यावर खूप टीका झाली की हिने माघार घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली आणि पुढच्या वर्षी ती वर्ल्ड चॅम्पियन झाली. एक रेस सोडणं आणि खेळ सोडणं यात खूप अंतर आहे.

प्रश्न: मी 44 वर्षांचा आहे. नोकरी गेली, त्यानंतर घरात बसवेना म्हणून पळायला लागलो. आता रोज पळतो, तेवढा वेळ डोकं शांत असतं. पण बायको म्हणते की हे पळणं म्हणजे पळवाट आहे. तिचं बरोबर आहे का?

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं बरोबर असू शकतं, आणि ते तुम्हालाच तपासता येईल. पळून आल्यावर तुम्ही काय करता ते बघा. अंघोळ करून लॅपटॉप उघडताय, दोन फोन करताय, घरच्यांशी नीट बोलताय, तर पळणं तुम्हाला उभं करतंय. पळून आल्यावर दमून पडून राहताय आणि जो फोन करायचा तो उद्यावर जातोय, आणि किलोमीटर मात्र वाढतायत, तर बायकोचं ऐका.

नोकरी गेल्यावर माणसाचं सगळ्यात जास्त काय जातं तर दिवसाचा आकार जातो आणि आपण काहीतरी केलं ही भावना जाते. पळण्याने हे दोन्ही थोडं परत मिळतं म्हणून डोकं शांत होतं, त्यात गैर काही नाही. मी तर म्हणेन की ट्रेनिंगची पद्धत जशीच्या तशी नोकरी शोधण्याला लावा. धावपटू "मला जिंकायचंय" असं म्हणून मैदानावर जात नाही, आज काय करायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं करून तो घरी येतो. तसं आज तीन अर्ज आणि एका जुन्या सहकाऱ्याला फोन, झालं की आजचं ट्रेनिंग पूर्ण, उत्तर आलं की नाही याचा त्या दिवशी हिशोब नको. आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पळण्याला सुट्टी द्या, 44 व्या वर्षी अचानक रोज पळायला लागलं की गुडघे आणि टाचा तक्रार करतात. पळताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे इतकाच स्पीड ठेवा. आधी तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन या.

रस्ता बंद झाला म्हणून माणूस संपत नाही याचं मला आवडणारं उदाहरण इलियुद किपचोगेचं आहे. 2003 ला अठराव्या वर्षी 5000 चा वर्ल्ड चॅम्पियन, पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकला त्याला केनियाच्या टीममध्येच जागा मिळाली नाही. ट्रॅकवरचं करिअर तिथे थांबलं. पुढच्या वर्षी तो मॅरेथॉनला वळला आणि 2016 व टोकियो अशी दोन ऑलिंपिक गोल्ड आणली. तो मॅरेथॉनला रिकाम्या हाताने गेला नव्हता, दहा वर्षांचं ट्रेनिंग पायात होतं. तुमची इतक्या वर्षांची कामाची समजही नोकरीबरोबर गेलेली नाही. घरच्यांना मात्र पळण्याची वेळ सांगून ठेवा आणि जमलं तर बायकोला एखाद्या दिवशी बरोबर न्या.

प्रश्न: मी शाळेत मुलांना अ‍ॅथलेटिक्स शिकवतो. माझा अनुभव असा की ओरडल्याशिवाय, कडक शिक्षा दिल्याशिवाय मुलं कणखर होत नाहीत. आजकाल पालक तक्रार करतात. मग चिकाटी येणार कशी?

उत्तर: सर, पालक बरोबर आहेत असं मला वाटतं. ओरडल्यावर मूल पळतं हे खरं, पण ते तुमच्यासाठी पळतं, तुम्ही पाठ फिरवली की थांबतं. शिक्षा म्हणून ग्राउंडला राउंड मारायला लावणं तर बंदच करा, कारण जी गोष्ट आवडायला हवी तीच तुम्ही शिक्षा करून टाकता.

हर्डलला, म्हणजे पळताना ओलांडायच्या अडथळ्याला, घाबरणारं मूल तुम्ही बघितलंच असेल. तीन पावलं आधी त्याचा स्पीड मरतो, पाय अडखळतात आणि ते बाजूने निघून जातं. ओरडलं तर पुढच्या वेळी डोळे मिटून उडी मारतं आणि पडतं. त्याऐवजी हर्डल काढून तिथे जमिनीवर नुसती पट्टी ठेवा, तिच्यावरून त्याच लयीत पळू दे. मग घोट्याएवढी उंची, मग त्याहून थोडी, आणि कुठे थांबायचं ते त्यालाच विचारा. एका उंचीवर दोन-तीनदा पडलं तर एक पायरी खाली, परत वर. आणि त्याला नियम सांगा, की ओलांडताना चुकून पाय लागून हर्डल पडलं तरी सहसा फाउल होत नाही, मुद्दाम पाडलं नसेल तर रेस चालू राहते. हे ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण कसा उतरतो ते बघण्यासारखं असतं. गेल डेव्हर्सला थायरॉइडच्या आजारामुळे आणि उपचारांमुळे पाय कापायची वेळ आली होती, त्यातून उठून तिने 1992 ला बार्सिलोनात 100 मीटरचं गोल्ड घेतलं, आणि त्याच ऑलिंपिकच्या हर्डल्समध्ये पुढे असताना शेवटच्या हर्डलला पाय लागला, धडपडत फिनिश लाइन ओलांडली ती पाचवी. हर्डल्सचं ऑलिंपिक मेडल तिला पुढेही मिळालं नाही, तरी ती हर्डल्स पळत राहिली आणि त्यात वर्ल्ड चॅम्पियन झाली. मुलांना ही गोष्ट पाचव्या नंबरासकट सांगा.

कडक राहायचंच असेल तर वेळेबाबत राहा, वॉर्मअपबाबत राहा, एकमेकांना हसण्याबाबत तर अगदी कडक राहा. शेवटच्या मुलाची रेस संपेपर्यंत कोणी ट्रॅक सोडायचा नाही, एवढा एक नियम केलात तरी तुमच्या टीमचं वातावरण बदलेल.

प्रश्न: माझं वय 61. यजमान गेल्यानंतर मुलीच्या आग्रहाने चालायला सुरुवात केली, आता थोडं पळतेही. मैदानावरची मंडळी म्हणतात की ज्येष्ठांच्या स्पर्धेत नाव दे. या वयात हे शोभतं का, आणि शेवटी आले तर?

उत्तर: काकू, नक्की द्या नाव. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये 35 वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात, तुम्ही 60 ते 64 मध्ये याल, म्हणजे तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या बायका तुमच्याच वयाच्या असतील, आणि त्यातल्या कितीतरी जणी तुमच्यासारख्याच कुठल्या ना कुठल्या दुःखातून मैदानावर आलेल्या असतात. दुःख कमी होईल असं मी म्हणणार नाही. पण ठरलेल्या वेळी कोणीतरी आपली वाट बघतंय आणि नाही गेलं तर फोन करून विचारतंय, याचा आधार मोठा असतो. पळायचं नसेल तर चालण्याची रेस असते, गोळाफेकही असते आणि त्यात गोळ्याचं वजन वयाप्रमाणे कमी होत जातं.

शेवटी आलात तर शेवटी आलात, टायमिंग लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुमची स्पर्धा त्याच्याशी. नाव देण्याआधी बीपी, शुगर आणि हार्टची तपासणी करून घ्या, चालू असलेल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. पहिल्याच वेळी एकच इव्हेंट घ्या. आणि मुलीने हौसेने नवीन बूट आणले तरी ते रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी दोन-तीन आठवडे सरावात वापरा.